आमच्या पोरांना पुढे करून हे बिल नको : अमेरिकेतल्या मराठी पालकांना एक खुलं पत्र

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांनो, आणि त्यातही ज्यांची पोरं इथल्या कॉलेज टीममधून पोहतात, टेनिस खेळतात, पळतात, फेन्सिंग करतात अशांनो, नमस्कार.

गेले काही महिने आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. कॉलेज स्पोर्ट्स धोक्यात आहेत, फुटबॉलवाल्या पोरांना पगार देण्याच्या नादात आपल्या मुलांचं स्विमिंग-टेनिस बंद पडणार, म्हणून आपापल्या काँग्रेसमनला फोन लावा आणि स्कोअर ॲक्ट नावाच्या, कॉलेज स्पोर्ट्सचे नियम ठरवू पाहणाऱ्या बिलाला पाठिंबा आहे म्हणून सांगा. खाली हात जोडलेले इमोजी. आणि चांगली शिकलीसवरलेली डॉक्टर-इंजिनिअर माणसं त्याखाली 'डन' लिहून मोकळी होतायत. म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं, कारण मी पण तुमच्यातलाच, राहतो ओहायोत, आणि माझी मुलगी बाहेरच्या राज्यातल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या टीममधून बटरफ्लाय पोहते. आणि हे बिल तिच्यासाठी आहे असं मला काही केल्या वाटत नाही. तिला दारात उभं केलंय आणि तिच्या मागून दुसरंच कोणीतरी आत शिरतंय.

आधी पैशाचं बोलू, कारण आपली माणसं पैशाचं बोलायला लाजतात आणि तिथेच फसतात.

नुकतेच इथे आलेल्यांसाठी सांगतो, इथलं कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल) म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत, जिथे प्राचार्य, शिपाई आणि खेळणाऱ्यांचे चार मित्र एवढंच पब्लिक असतं. इथे शनिवारी एकेका स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतो. कॉलेज बास्केटबॉलची मार्चमधली जी मोठी स्पर्धा असते तिच्या टीव्ही हक्कांचा करार २०१६ साली २०३२ पर्यंत वाढवला, तो वाढीव करारच ८.८ अब्ज डॉलरचा. आमच्या ओहायोत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नाही, ओहायो स्टेटचा फुटबॉल कोच आहे, वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर, आणि अशी परिस्थिती बहुतेक राज्यांत आहे. टेक्सास ए अँड एमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आपला कोच जिंबो फिशर याला काढलं, तर नुसतं घरी बसण्याचे त्याला साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागलं. काम नको, फक्त जा बाबा, त्याचे साडेसात कोटी.

हे टेक्सास ए अँड एम नाव लक्षात ठेवा, कारण आपली ऋतुजा भोसले तिथूनच कॉलेज टेनिस खेळली. तीच, जिने पुढे रोहन बोपण्णाबरोबर एशियन गेम्समध्ये मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेतलं. म्हणजे आपल्या मुली ज्या टीममधून खेळतात त्याच टीमच्या शेजारच्या ऑफिसात हे आकडे फिरत असतात, आणि टेनिसचं बजेट मागायला गेलं की मात्र तेच ऑफिस गरीब होतं.

आता २०२१ पर्यंत या सगळ्यात खेळणाऱ्या पोराला स्कॉलरशिपच्या बाहेर एक डॉलर घेतला तर गुन्हा होता. गुन्हा म्हणजे कायद्याने नव्हे, पण एनसीएए या कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या नियमाने. सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचा एक किकर होता, डोनाल्ड दे ला हे, तो यूट्यूबवर स्वतःचे व्हिडिओ टाकायचा आणि जाहिरातीचे पैसे यायचे, २०१७ मध्ये त्याला सांगितलं की एकतर आमच्या अटी मान्य कर नाहीतर टीममधून बाहेर. त्याने अटी नाकारल्या आणि स्कॉलरशिप गेली. एड ओ'बॅनन, १९९५ साली यूसीएलएला चॅम्पियनशिप जिंकून देणारा, त्याला एका मित्राच्या घरी व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला, तोच नंबर, तीच उंची, तोच डावखुरा, आणि पैसे शून्य, म्हणून २००९ ला तो कोर्टात गेला. २०१४ मध्ये कनेक्टिकटचा शबाझ नेपियर चॅम्पियनशिपच्या दिवसांत पत्रकारांना म्हणाला की काही रात्री मी उपाशी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच एनसीएएला साक्षात्कार झाला आणि खेळाडूंच्या जेवणावरची बंधनं उठवली. एक लक्षात घ्या, आपणहून त्यांनी कधीच काही दिलेलं नाही. कोर्टाने कान धरला किंवा टीव्हीवर अब्रू गेली की मगच.

यावर आपल्यातले काही म्हणतात, "अहो पण फुकट शिक्षण मिळतं ना, ते काय कमी आहे?" ठीक आहे, ज्यांना मिळतं त्यांना मिळतं. पण आपल्यातल्या किती जणांच्या पोरांना पूर्ण स्कॉलरशिप आहे? प्रामाणिकपणे सांगा. पुण्यात मावशीला फोनवर सांगताना 'स्पोर्ट्स स्कॉलरशिपवर आहे' असं आपण सगळेच सांगतो, पण अगदी आत्ताआत्तापर्यंत नियम असा होता की डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटातल्या, मुलांच्या टेनिस टीमला मिळून साडेचार स्कॉलरशिप, मुलांच्या स्विमिंगला ९.९, आणि पोरं तीस-पस्तीस. म्हणजे कोच त्याचे तुकडे पाडून वाटायचा, याला पंधरा टक्के, त्याला पुस्तकांचे पैसे. बाकीची फी कोण भरतं ते आपल्याला माहितीय.

आणि बदल्यात काम किती? नियम सांगतो आठवड्याला २० तास. मी मुलीकडे गेलो होतो तेव्हा पाहिलं, पहाटे साडेपाचला पाण्यात, मग क्लास, मग वजनं, मग परत पाण्यात, आणि संध्याकाळी दोन्ही खांद्यांवर बर्फाच्या पिशव्या, त्या जागेवर राहाव्यात म्हणून किचनमधल्या पारदर्शक प्लास्टिकने काखेतून गुंडाळलेल्या, तशीच ती लॅपटॉप घेऊन केमिस्ट्रीचा असाइनमेंट टाइप करत बसलेली. बर्फ वितळून पाणी कोपरापर्यंत येतंय आणि ही एका हाताने पुसते, दुसऱ्याने टाइप करते. मी विचारलं हे २० तासांत कसं बसतं गं? तर हसली. म्हणे मॅचचा दिवस, मग तो सकाळच्या हीटपासून रात्रीच्या फायनलपर्यंत कितीही लांबू दे, कागदावर तीन तासच धरतात. प्रवास तर धरतच नाहीत. मी स्वतः टाइमशीट भरणारा माणूस, क्लायंटला पंधरा मिनिटांचं बिल लावतो, मला हे ऐकून घाम फुटला.

खांद्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. एमआरआय काढावा लागला, आणि त्याचं बिल आधी आमच्या इन्शुरन्सकडे, मग युनिव्हर्सिटीच्या इन्शुरन्सकडे, मग परत आमच्याकडे असं टप्पे खात राहिलं, आणि ट्रेनरपासून कंप्लायन्स ऑफिसपर्यंत सगळे फार गोड बोलले पण 'हे आमच्या कामावर झालंय' हे वाक्य एकानेही उच्चारलं नाही. उच्चारणार नाहीतच. त्या एका वाक्यामागे सत्तर वर्षांची वकिली आहे.

१९५५ साली कोलोरॅडोत फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून गेला. मागे बायको आणि लहान मुलं. तिने कामावर मृत्यू झाल्याची भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाही मिळणार, कारण कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. १९५७ च्या त्या छोट्या कॉलेजबद्दल ते कदाचित खरंही असेल. पण मग १९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा केंट वॉलड्रेप अलाबामाविरुद्ध खेळताना मान मोडून लुळा पडला, त्याचं प्रकरण कोर्टाकोर्टांतून फिरत २००० साली संपलं, तेव्हाही उत्तर तेच, तू कामगार नव्हतास. तोवर टीव्हीवर करोडोंची उलाढाल सुरू झाली होती. शिक्षण संपल्यावरही निदान दोन वर्षं खेळातल्या दुखापतीचा खर्च कॉलेजने उचलायचा, हा नियम डिव्हिजन वनला लागू झाला कधी, तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये! ज्या एनसीएएचा जन्मच १९०५ साली मैदानात पोरं मेली म्हणून झाला, थिओडोर रूझवेल्टने व्हाइट हाउसमध्ये बोलावून कॉलेजांना झापलं आणि पुढच्या वर्षी ही संस्था उभी राहिली, तिला हे सुचायला सव्वाशे वर्षं लागली. जवळजवळ.

तर मुद्दा असा की आता बांध फुटलाय. २०२१ च्या जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाने एनसीएएविरुद्ध, खेळाडूंच्या बाजूने ९-० असा निकाल दिला, नऊच्या नऊ, हल्ली त्या कोर्टात चहा कुठला मागवायचा यावरही नऊ जणांचं एकमत होत नसेल. जस्टिस कॅव्हनॉने तर वेगळं लिहून ठेवलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. दहा दिवसांत, १ जुलै २०२१ पासून, पोरांना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती करून पैसे घ्यायची परवानगी मिळाली. आणि मग २०२५ च्या ६ जूनला जज क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली, जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई आणि इथून पुढे प्रत्येक कॉलेज स्वतः खेळाडूंना थेट पैसे देऊ शकेल, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून. परत एकदा वाचा, सगळ्यांना मिळून. जिंबो फिशरला घरी बसायला दिले त्यात एका कॉलेजच्या सगळ्या पोरापोरींचे साडेतीन वर्षांच्या वरचे पैसे निघाले असते.

आणि तो ज्याच्या नावाने खटला आहे तो ग्रँट हाउस कोण होता माहितीय? फुटबॉलवाला नाही. ॲरिझोना स्टेटचा स्विमर. म्हणजे आपल्याच पोरांतला. हे त्या फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.

आता त्या भीतीकडे येतो, कारण भीती खोटी नाहीये. या पैशाची वाटणी बऱ्याच मोठ्या कॉलेजांत साधारण अशी ठरली की पंचाहत्तर टक्के फुटबॉल, पंधरा टक्के मुलांचं बास्केटबॉल, पाच टक्के मुलींचं बास्केटबॉल, आणि उरलेल्या पाच टक्क्यांत बाकी सगळं जग. आपली पोरं त्या जगात. टीममध्ये किती जण ठेवायचे यावर मर्यादा आल्या, त्यात वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपविना टीममध्ये असलेली, पोरं उडाली, इतकी की जज विल्कन यांनीच तडजोड अडवून धरली आणि ज्यांना काढलं त्यांना परत घेण्याची वाट ठेवा म्हणून सांगितलं. कॅल पॉलीने २०२५ च्या मार्चमध्ये स्विमिंग-डायव्हिंग बंद केलं, आणि कारण म्हणून याच खर्चाकडे बोट दाखवलं. एल पासोच्या टेक्सास युनिव्हर्सिटीने मुलींचं टेनिस बंद केलं. हे झालंय, मी नाकारत नाही, आणि ज्यांच्या घरी झालंय त्यांचं दुःख मला कळतं.

पण जरा मागे जाऊन २०२० बघा. तेव्हा कोणालाही एक पैसा द्यायचा नव्हता. स्टॅनफर्डने एका फटक्यात ११ खेळ बंद करतो म्हणून जाहीर केलं, स्टॅनफर्डने, ज्यांच्या बँकेत काय आहे ते आपल्यातल्या बे एरियावाल्यांना विचारा. आयोवाने स्विमिंग आणि मुलांचं टेनिस काढलं. मिनेसोटाने मुलांचं टेनिस काढलं. मिशिगन स्टेटने स्विमिंग काढलं. तेव्हा कारण कोविड होतं. आणि परत कोणामुळे आलं जे काही आलं ते? स्टॅनफर्डच्या खेळाडूंनी आणि माजी खेळाडूंनी कोर्टात खेचलं, बोंब मारली, तेव्हा पुढच्या वर्षी निर्णय फिरवला. आयोवात मुलींनी टायटल नाइनखाली, म्हणजे शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली, केस केली, मुलींचं स्विमिंग परत आलं, मुलांचं गेलं ते गेलंच. म्हणजे आपल्या खेळांना वाचवलं ते कायद्याने आणि कोर्टाने. आणि हे बिल नेमकं कोर्टाचं दारच बंद करा म्हणतंय.

स्कोअर ॲक्टमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो, मी वाचलंय, झोप येते पण वाचा. एक, एनसीएए आणि कॉन्फरन्सना (एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांना) मक्तेदारीविरोधी कायद्यातून संरक्षण, म्हणजे ओ'बॅनन, ऑल्स्टन, हाउस असे खटले यापुढे जवळपास करताच येणार नाहीत. दोन, खेळाडूला कर्मचारी म्हणायचं नाही, कायमचं. तीन, राज्यांचे कायदे बाजूला, कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये सगळ्यांच्या आधी हिंमत करून जो कायदा केला तसं कुठलं राज्य परत करू शकणार नाही. त्यात चांगलं काहीच नाही असं नाही, दुखापतीचा खर्च शिक्षणानंतर काही वर्षं द्यायचा वगैरे आहे. आणि आपल्यासाठी गाजर काय, तर मोठ्या कॉलेजांनी कमीत कमी १६ खेळ चालवलेच पाहिजेत. वाचून मला पण क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं की फुटबॉलच्या वरच्या गटात खेळायचं तर १६ खेळांची अट एनसीएएच्या स्वतःच्या नियमात आधीपासूनच आहे! आयोवाने, मिनेसोटाने खेळ काढले तेव्हाही ती होतीच. बावीस खेळ असलेल्या कॉलेजने सहा खेळ काढले तरी हे बिल खूश.

जुलै २०२५ मध्ये हे मांडलं, डिसेंबरात मतदानाला येता येता मागे घेतलं कारण मतं जमेनात. पण अशी बिलं मरत नसतात, नाव बदलून येतात, म्हणून हे पत्र आत्ता.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू, 'कर्मचारी' म्हटलं की आपल्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर जे येतं त्याचा. जणू पोरगं खेळाडू राहिलंच नाही, हमाल झालं. अहो, पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ घेऊन आलेला आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे काय होता? मध्य रेल्वेत टीसी. पगारी कर्मचारी. आपण काय म्हणालो, की हा पगार घेतो म्हणजे याच्या खेळात पावित्र्य नाही? आपण ढोल वाजवले. पोलिसात, रेल्वेत, बँकेत, एअर इंडियात नोकरी लागावी म्हणून कबड्डी-खोखो खेळणारी पोरं गल्लोगल्ली बघत आपण मोठे झालो, स्पोर्ट्स कोटा हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. इथे आल्यावरच आपल्याला हौशी खेळाचं सोवळं कुठून आलं?

आणि दुसऱ्या बाजूने खाशाबांची गोष्ट सांगणारे आहेत. की बघा, १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, खेळ त्यागावर चालतो. बरोबर आहे, डोळ्यात पाणी येतं. पण तिथे प्राचार्यांचं घर गहाण होतं हो! इथे कोचला साडेसात कोटी डॉलर देऊन घरी पाठवतात आणि त्याग मात्र पोरांनी करायचा, ही कुठली रीत.

मग उपाय काय? गोंधळ चाललाय हे मला मान्य आहे. आज कोणी कोणाला किती देतंय याचा पत्ता नाही, दर सीझनला पोरं कॉलेज बदलतायत, २०२४ मध्ये लास वेगासच्या युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका तीन मॅच जिंकून टीम सोडून गेला, त्याच्या बाजूचं म्हणणं एक लाख डॉलर कबूल केले ते दिले नाहीत, कॉलेज म्हणालं असलं काही कबूल केलंच नव्हतं. दोघांपैकी कोण खरं ते देव जाणे, पण कागद नव्हता हे तर उघड आहे. एवढी उलाढाल, आणि तोंडी बोलण्यावर! आपण घरी बाथरूमला टाइल्स लावायला माणूस बोलावतो तर एस्टिमेट लेखी घेतो.

नियम हवेतच. प्रश्न असा आहे की नियम कोण करणार. एनएफएल, एनबीए या फुटबॉल-बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये पगारावर मर्यादा आहे, ती कायदेशीर का आहे, तर खेळाडूंच्या युनियनने टेबलावर बसून, भांडून, बदल्यात काहीतरी घेऊन ती मान्य केलीय. दोन्ही बाजूंनी सही केली की मक्तेदारीविरोधी कायदा त्यात पडत नाही. इतकं सरळ आहे हे. कॉलेजांना मर्यादा तर हवीय, पण समोर सही करायला कोणी बसलेलं नकोय, म्हणून ते काँग्रेसकडे जाऊन म्हणतात, तुम्हीच आम्हाला सूट द्या. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल खेळाडूंनी युनियन करायचा प्रयत्न केला, कामगार बोर्डाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने तुम्ही कर्मचारी आहात असं सांगितलंही, पण २०१५ मध्ये वरच्या बोर्डाने हात झटकले. २०२४ च्या मार्चमध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल पोरांनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियन केली, कॉलेजने त्यांच्याशी बोलणीच केली नाहीत, आणि वर्ष संपता संपता पोरांना अर्ज मागे घ्यावा लागला. डार्टमथ हां, आयव्ही लीग, जिथे ॲथलेटिक स्कॉलरशिप नसतेच.

आणि मर्यादेचा यांना किती पुळका आहे ते बघायचं तर उलट्या बाजूचा एक किस्सा आहे. १९९० च्या दशकात एनसीएएने ज्युनिअर असिस्टंट कोचच्या पगारावर वर्षाला १६,००० डॉलरची मर्यादा घातली होती. कोच कोर्टात गेले, जिंकले, आणि १९९९ मध्ये एनसीएएने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तेव्हापासून कोचच्या पगाराला हात लावायची कोणाची छाती नाही. तोच कायदा, तोच हक्क, आणि पोरांनी वापरला की म्हणे कॉलेज स्पोर्ट्स बुडाले.

मुलींच्या आईबाबांनी तर जास्तच सावध राहावं. १९७२ चा टायटल नाइन कायदा नसता तर आपल्यातल्या निम्म्या मुलींना टीमच मिळाली नसती. आता कॉलेजांकडून हे जे पैसे वाटले जातायत त्यालाही तो लागू आहे की नाही यावर २०२५ च्या जानेवारीत जुनं सरकार जाता जाता हो म्हणालं, आणि फेब्रुवारीत नवं सरकार नाही म्हणालं. भरपाईच्या वाटपावर काही महिला खेळाडूंनी अपील केलं. हे भांडण लढायला मुलींना कोर्ट हवं. ते उघडं ठेवा एवढंच तर मी म्हणतोय.

आता एक गोष्ट जी फक्त आपणच बोलू शकतो, कारण बाकी कोणाला तिचं सोयरसुतक नाही. व्हिसा.

आपल्यातल्या कितीतरी जणांची पोरं एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या आईबापांमागे मिळणाऱ्या व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत बाप अडकलाय, पोरगं इथे बालवाडीपासून शिकलं, इथल्याच क्लबमध्ये पोहायला शिकलं, आणि कॉलेजात टीममधल्या सगळ्यांना युनिव्हर्सिटीचा चेक आला, एखाद्या लोकल दुकानाच्या जाहिरातीचे पाचशे डॉलर आले, तर याला घेता येत नाहीत, कारण एच-४ वरच्या मुलाला काम करायची मुभा नाही. एकविसावं लागलं की एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जायचं, तिथेही तीच रड. पर्ड्यूचा झॅक ईडी, सात फुटांच्या वर उंच कॅनेडियन, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू, त्याच्या बरोबरीचे पोरं जाहिराती करत होते आणि हा एफ-१ मुळे हात बांधून बसला होता. जिथे त्याची ही गत तिथे आपल्या टेनिसवाल्या पोराचं कोण ऐकतंय. आणि गंमत अशी की एफ-१ वाल्याला सेमिस्टरमध्ये आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम करता येतं, मेसमध्ये ट्रे उचलता येतात, लायब्ररीत पुस्तकं लावता येतात. ट्रे उचलणं हे काम, आणि युनिव्हर्सिटीचं नाव छातीवर लावून पहाटे साडेपाचला पाण्यात उतरणं हे काम नाही. खेळणं हे कॅम्पसवरचं काम मानलं तर निदान हा प्रश्न सरकारदरबारी विचारता तरी येईल. 'कर्मचारी कधीच नाही' असं कायद्यात कोरून ठेवलं तर विचारण्याचीही सोय संपली.

माझ्या एका मित्राचं म्हणणं की तू उगाच फुटबॉलवाल्यांची वकिली करतोस, ती पोरं आपल्या पोरांकडे ढुंकून बघत नाहीत. नसतील बघत. पण आपल्या पोरांच्या तरणतलावाचं पाणी गरम ठेवायचे पैसे गेली कित्येक वर्षं त्याच पोरांच्या डोक्याला बसणाऱ्या दणक्यांतून आलेत, आणि त्यातली बरीचशी पोरं आपल्यापेक्षा कितीतरी कमी पैशाच्या घरांतून येतात. त्यांना द्यायचं नाही म्हणजे आपल्याला मिळेल, हा हिशोब करताना मला लाज वाटते. तुम्हालाही वाटावी अशी इच्छा आहे. स्पष्ट बोलतो, रागावू नका.

तर फोन जरूर लावा. पण त्या फॉरवर्डमध्ये लिहिलेलं वाचून दाखवू नका. फोन उचलणारी व्यक्ती बहुतेक बावीस-तेवीस वर्षांची इंटर्न असते, तिला दोन मिनिटांत सांगा की मी कॉलेज खेळाडूची आई किंवा बाप बोलतोय, मला कॉलेज स्पोर्ट्सला खटल्यांपासून सूट देणारं कुठलंही बिल नको, खेळाडू कर्मचारी आहे की नाही हे काँग्रेसने आधीच ठरवून टाकू नये, आणि १६ खेळांच्या गाजराऐवजी आज जेवढे खेळ चालू आहेत त्यातला एक काढायचा असेल तर आधी कोचच्या पगारात कपात करून दाखवा अशी अट घाला. आणि एच-४, एफ-१ चं विचारा. बहुतेक त्या इंटर्नला ते नवीनच असेल, स्पेलिंग सांगावं लागेल, सांगा.

ज्यांची पोरं एच-४ वर असून कुठल्याही डिव्हिजनमध्ये खेळतायत त्यांनी मला वेगळा मेसेज करा, ग्रुपवर नको, नावं उघड करायची नाहीत. इमिग्रेशनचं काम बघणाऱ्या एका मैत्रिणीच्या मदतीने आपण इंग्रजीत पत्राचा मसुदा करतोय, पुढच्या सीझनच्या आधी तो आपापल्या सिनेटरच्या ऑफिसात पोचवायचाय आणि त्यावर सह्या हव्यात.

आपला,
एका बटरफ्लायवालीचा बाप
ओहायो